मूळ प्रत आणि पाठभेद : जुन्या मोटारसायकलीचे वाचन

जुनी मोटारसायकल घरच्या अंगणात सुटी करून पुन्हा उभी करणे, याला आपण छंद म्हणतो आणि तिथेच थांबतो. इतिहासलेखनाशी या कामाचे काही नाते असेल असे सहसा कोणाला वाटत नाही. परंतु पाठचिकित्सेचा थोडाफार परिचय असलेल्या वाचकाला इथले पेच ओळखीचे वाटतील. हाती आलेली प्रत किती हातांतून गेली? तिच्यातले मूळचे किती, मागाहून घातलेले किती? आणि मागाहून घातलेले सारे काढून टाकण्याजोगेच असते काय? गोंदियासारख्या, वाहनांच्या कारखान्यांपासून दूर असलेल्या जिल्ह्यात हा शेवटचा प्रश्न विशेष महत्त्वाचा ठरतो.

स्वातंत्र्यानंतर आपल्या रस्त्यांवर आलेल्या मोटारसायकली एका अर्थाने भाषांतरितच होत्या. १९५५ पासून मद्रासमध्ये ब्रिटिश आराखड्याच्या एनफिल्ड बुलेटची जुळणी सुरू झाली. १९६१ मध्ये म्हैसूरच्या कारखान्यातून चेकोस्लोव्हाकियाची जावा बाहेर पडू लागली. तीच पुढे ‘येझदी’ झाली. फरिदाबादच्या एस्कॉर्ट्स कंपनीची राजदूत ही पोलंडमधील एसएचएल या गाडीवरून बेतलेली होती. परवाना पद्धतीमुळे उत्पादन मर्यादित, म्हणून हाती असलेली गाडी चालती ठेवणे ही गरजच होती. १९८५ मध्ये हीरो होंडा सीडी १०० आणि यामाहा आरएक्स १०० या जपानी वळणाच्या गाड्या आल्या आणि चित्र बदलले. १९९६ मध्ये येझदीचे उत्पादन थांबले. कारखाना बंद पडला, गाड्या मात्र चालत राहिल्या, आणि त्यांच्या इतिहासाचा पुढचा भाग मिस्त्रींच्या हाती गेला.

हा मिस्त्री पूर्व विदर्भात एकाएकी अवतरलेला नाही. बैलगाडीच्या चाकाला आरे बसवणारा वाढई आणि त्यावर तापवलेली लोखंडी धाव चढवणारा लोहार हे त्याचे पूर्वज होत. तारांच्या चाकाचा ‘आऊट’ काढताना लागणारी नजर त्याच परंपरेतली आहे. पुढे भात भरडणाऱ्या गिरण्यांनी या मुलखात पट्टे, बेअरिंगे आणि यंत्र सांभाळणारे हात आणले. या हातांनी केलेल्या कामाची नोंद कोणत्याही दप्तरात नाही. गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झाला; त्यामुळे त्याआधीच्या इथल्या गाडीच्या नोंदणी-पुस्तकात पत्त्याचा जिल्हा भंडारा असतो, एवढे कागद सांगतो. गाडीवर काय काय घडले, हे तिच्या सुट्या भागांनाच विचारावे लागते.

आणि ते सांगतातही. टू-स्ट्रोक इंजिनाचा सिलिंडर झिजला की लेथवाल्याकडे तो बोअर करून थोडा मोठा करतात आणि त्या मापाचा पिस्टन घालतात. ही वाढ साधारणपणे पाव मिलिमीटरच्या टप्प्यांनी होते आणि पिस्टनच्या माथ्यावर तिचा आकडा कोरलेला असतो. माथ्यावर ०.५० दिसले की सिलिंडर एकदा तरी वाढवला गेला आहे, हे कळते. वाढवण्याची मर्यादा संपली की नवी स्लीव्ह बसवावी लागते. पुठ्ठा कातरून केलेले गॅस्केट, सहा व्होल्टच्या जागी आलेली बारा व्होल्टची जोडणी, दुसऱ्याच गाडीचा कार्बोरेटर हे सारे पाठभेदच आहेत. प्रत्येकामागे एखादी टंचाई किंवा एखादी युक्ती असते.

घरी गाडी उघडून बसलेल्या माणसापुढे मग दोन वाटा असतात. पहिली पुण्याच्या भांडारकर संस्थेची. १९१९ मध्ये हाती घेतलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९६६ मध्ये पूर्ण झाली. विष्णु सीताराम सुखठणकरांनी आखून दिलेल्या पद्धतीत संहिता वर आणि पाठभेद खाली राहिले. मोठे प्रक्षेप परिशिष्टात गेले. दुसरी वाट झाडीपट्टीच्या दंडारीची. तिथे पाठ तोंडोतोंडी चालत येतो. सादर करणारा त्यात भर घालतो आणि ती भर परंपरेचाच भाग होते. गाडीला मूळ रूप देणारा पहिल्या वाटेने जातो, तिला आपल्या कल्पनेने नवे रूप देणारा दुसऱ्या.

कायद्याचा कल मूळ प्रतीकडे आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत फेरफाराला मनाई आहे; जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ती उचलून धरली. जुलै २०२१ च्या केंद्रीय नियमांनी पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपात राखलेल्या वाहनांसाठी ‘व्हीए’ या अक्षरांची वेगळी नोंदणी आणली. ब्रेक, सांगाडा आणि धूर यांच्याबाबतचा आग्रह रास्तच आहे. पण त्यातून वारसा म्हणजे कारखान्यातून निघाले ते रूप, असा अर्थ रूढ होतो आणि मिस्त्रीचे काम केवळ दोष म्हणून उरते. सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे येथील दत्तात्रय लोहार यांनी भंगारातून, मोटारसायकलीसारखी किक मारून सुरू होणारी चारचाकी बनवली. ती नियमांत बसणारी नव्हती. तरीही जानेवारी २०२२ मध्ये महिंद्र कंपनीने त्यांना नवी बोलेरो देऊन ती आपल्या संग्रहासाठी घेतली. अशी दखल क्वचितच घेतली जाते.

सुखठणकरांच्या पद्धतीचे मर्म पाठभेद नाकारण्यात नाही, ते जपण्यात आहे. पानाच्या वरच्या भागाइतकाच खालचा भागही त्या आवृत्तीचे वैभव आहे. जुनी गाडी उभी करणाऱ्याने एवढे केले तरी पुरे : सांगाडा आणि ब्रेक नियमाप्रमाणे ठेवावेत, इंजिन बदलले तर परिवहन कार्यालयात रीतसर नोंद करावी, आणि काढलेला पिस्टन, पुठ्ठ्याचे गॅस्केट, परक्या गाडीचा कार्बोरेटर हे भंगारात न घालता डब्यात ठेवावे. सोबत एक वही असावी. ते काम कोणत्या मिस्त्रीने, कोणत्या गावी, कोणत्या अडचणीपोटी केले, हे सांगणारे आज वयस्क झाले आहेत. त्यांना विचारून ते वहीत लिहावे. गोंदियाच्या यंत्रजीवनाचा इतिहास पुढे कोणी लिहू म्हटले, तर त्याला आधार अशा वह्यांचाच मिळेल.