स्वस्त खलाशी कायद्याने घडवला

रत्नागिरी, राजापूर, दापोलीकडची माणसं पिढ्यान्‌पिढ्या विलायती बोटींवर जात आली. मराठी इतिहासाने आंग्र्यांच्या आरमाराला मानाचं पान दिलं. पी. अँड ओ. या विलायती कंपनीच्या आगबोटींच्या डेकवर राबणारा कोकणी मुसलमान आणि त्याच बोटींच्या सलूनमध्ये वाढप करणारा गोव्याचा ख्रिस्ती मात्र उपेक्षितच राहिला. 1914 साली ब्रिटिश व्यापारी जहाजांवर 51,616 हिंदी खलाशी होते, म्हणजे दर सहा माणसांत जवळजवळ एक. ते स्वस्त होते म्हणून त्यांना घेतलं, एवढंच सहसा सांगितलं जातं. पण ते स्वस्त का होते? माझं म्हणणं असं की ही स्वस्ताई कायद्याने मुद्दाम तयार केली. ब्रिटिश राज्यातला असूनही हिंदी खलाशी ‘ब्रिटिश खलाशी’ मानायचा नाही, असं 1823 च्या कायद्यानेच ठरवून टाकलं. पुढे 1894 च्या ब्रिटिश कायद्याने खलाशामागे राहायला 72 घनफूट जागा सांगितली, तर हिंदुस्थानच्या कायद्यात ती 36 होती. सहा फूट लांब, दोन फूट रुंद, तीन फूट उंच एवढा हिशेब मांडला की 36 घनफूट भरतात. खाटेवर आडवं होता येईल, उठून बसायचं तर डोकं वर आपटेल.

यावर बोटींच्या मालकांचं ठरलेलं उत्तर असे: हिंदी माणूस अंगाने कमजोर, त्याला थंडी सोसत नाही, एका गोऱ्याच्या कामाला दोघे लागतात. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर 38 अंश उत्तरेच्या वर हिवाळ्यात त्याला नेऊ नये असा निर्बंधही होता. वरवर ही काळजी वाटते. पण त्याच माणसाला तांबड्या समुद्राच्या उकाड्यात भट्टीपुढे कोळसा ओढायला लावताना ही काळजी कुठे जाई? आणि दुसऱ्या महायुद्धात अटलांटिकचे ताफे चालवायची वेळ आली तेव्हा थंडीचा प्रश्न उरला नाही. त्या युद्धात सुमारे 6,600 हिंदी खलाशी मेले.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. ते राजीखुशीने जात, आणि गावाकडे भाताच्या एका पिकावर जे मिळे त्याहून बोटीवरचा पगार बराच होता. हे खरंच आहे. कोकणातली कित्येक घरं मनीऑर्डरीवर उभी राहिली. पण पगाराची तुलना गावच्या शेतीशी का करायची? ती त्याच डेकवरच्या, तेच काम करणाऱ्या गोऱ्याशी व्हायला हवी, आणि तिथे हिंदी पगार तिसऱ्या ते पाचव्या हिश्शाचा होता. मला सर्वांत निर्णायक वाटणारा पुरावा बंदरात सापडतो. ग्लासगोला किंवा कार्डिफला जो बोट सोडून पळे आणि ब्रिटिश करारावर सही करे, त्याच माणसाला, त्याच हातांना, कितीतरी पट पगार मिळे. म्हणूनच हिंदी करारात माणसाला मायदेशी परत पोचवायची अट होती, आणि पळणं गुन्हा होता. 1925 साली ‘रंगीत परदेशी खलाशी’ म्हणून नोंदणी सक्तीची झाली, तेव्हा ब्रिटिश प्रजा असलेल्या हिंदी खलाशांनाही कागद दाखवत फिरावं लागलं.

सारंगाची, म्हणजे खलाशांच्या मुकादमाची, व्यवस्था तर आपलीच होती, असंही कोणी म्हणेल. सारंग गावचा, त्याच्या हाताखालचा तांडेल ओळखीचा, भंडाऱ्याच्या म्हणजे स्वयंपाक्याच्या हातचं जेवण धर्माला धरून. परमुलखात हा आधार लहान नव्हता. पण भरतीसाठी दलालाला आणि सारंगाला चारायचे पैसे खलाशी कर्ज काढून आणी, आणि मालकाला हजार माणसांऐवजी मोजक्या सारंगांशीच बोलावं लागे. या व्यवस्थेने माणसं मुकी झाली होती असं मात्र नाही. 1939 साली युद्ध सुरू होताच ब्रिटनपासून ऑस्ट्रेलियापर्यंतच्या बंदरांत हिंदी खलाशांनी पगारवाढ आणि युद्धभत्त्यासाठी कामाला नकार दिला. शेकडो जण तुरुंगात गेले, तरी मागे हटले नाहीत. मालकांना वाढ द्यावीच लागली. गोऱ्या खलाशाशी बरोबरी मात्र युद्ध संपेपर्यंतही झाली नाही.