बांबू : ‘वृक्ष’, ‘इमारती लाकूड’ आणि ‘गौण वनोपज’ – वनपरिभाषेचा एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

प्रत्येक व्यवसायाची स्वतःची परिभाषा असते. वनव्यवसाय, लाकूडकटाई आणि कागदनिर्मिती हे परस्परांशी निगडित व्यवसायही त्यास अपवाद नाहीत. कूप, बीट, नाका, डेपो, ओंडका, आरागिरणी, लगदा, रीम असे अनेक शब्द चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांच्या बोलण्यात रुळले आहेत. सामान्यतः अशा शब्दांकडे केवळ तांत्रिक संज्ञा म्हणून पाहिले जाते. परंतु एखादी वस्तू कोणत्या संज्ञेखाली येते, यावरून ती कोणाच्या मालकीची, ती कोणी तोडावी आणि कोणाच्या परवानगीने न्यावी हे ठरत असेल, तर ती संज्ञा इतिहासाचे एक साधन ठरते. बांबू ही वनस्पती याचे उत्तम उदाहरण आहे. गेल्या सुमारे दीडशे वर्षांत बांबूला कायद्याने व वनखात्याने जी वेगवेगळी नावे दिली, त्यांचा बांबूवर जगणाऱ्या लोकांच्या हक्कांशी काय संबंध होता, याचे विवेचन प्रस्तुत निबंधात केले आहे.

लोकव्यवहारातील बांबू

वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने बांबू हे गवत आहे. गहू, ऊस आणि ज्वारी ज्या कुळात मोडतात त्याच कुळात त्याचा समावेश होतो. पावसाळ्यात जमिनीखालील कंदातून कोंब फुटतो, काही महिन्यांतच तो आपली पूर्ण उंची गाठतो आणि त्यानंतर सागाच्या खोडाप्रमाणे वर्षानुवर्षे जाड होत नाही. मानवेल व कटांग या मध्य भारतातील प्रमुख जाती अनेक दशकांतून एकदा सामूहिकरीत्या फुलतात आणि बी धरल्यावर वाळून जातात. शेतातील पिकाचा हाच क्रम येथे फार मोठ्या कालावधीत घडतो.

लोकभाषेने हे वेगळेपण अचूक टिपले आहे. झाडांची राई असते, बांबूचे मात्र बेट असते. त्याला ऊस किंवा ज्वारीप्रमाणे पेरे असतात. विदर्भात त्याच्या कोवळ्या कोंबांना वास्ते म्हणतात व त्यांची भाजी केली जाते. बांबू आरागिरणीत चिरून त्याच्या फळ्या पाडल्या जात नाहीत. बुरूड कारागीर तो उभा फोडून त्याच्या कामट्या काढतो आणि त्यांपासून सूप, टोपली, परडी, रोवळी, कणगी, तट्टे विणतो. पाळण्यापासून तिरडीपर्यंत बांबू माणसाच्या सोबतीस असतो. या व्यवहारात बांबूला ‘लाकूड’ म्हणण्याचे प्रयोजन कोणासही पडले नव्हते.

वसाहतकालीन कायदा आणि ‘वृक्षा’ची व्याख्या

इ. स. १८६४ मध्ये ब्रिटिश सरकारने वनखात्याची स्थापना केली व जर्मन वनशास्त्रज्ञ डिट्रिच ब्रँडिस यांची पहिले वनमहानिरीक्षक म्हणून नियुक्ती केली. रेल्वेचे स्लीपर व जहाजबांधणी यांसाठी टिकाऊ लाकडाची गरज हे यामागील एक प्रमुख कारण होते. १८६५ च्या पहिल्या अधिनियमानंतर १८७८ चा अधिक कठोर अधिनियम आला. त्याने वनांची ‘आरक्षित’, ‘संरक्षित’ आणि ‘ग्रामवने’ अशी विभागणी केली. या काळातील चर्चेत बेडन-पॉवेल यांनी ‘हक्क’ आणि ‘सवलत’ यांत काटेकोर भेद केला. लोकांचा जंगलातील पिढीजात वापर हा हक्क नसून शासनाने दिलेली सवलत आहे, असे मानले की ती केव्हाही काढून घेता येते. महाराष्ट्रात या धोरणाची झळ लवकरच जाणवली. महात्मा जोतीराव फुले यांनी १८८३ मध्ये लिहिलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथात गायराने गिळंकृत करणाऱ्या फॉरेस्ट खात्यावर कठोर टीका केली आहे.

१९२७ चा भारतीय वन अधिनियम याच परंपरेतील होय. त्याच्या दुसऱ्या कलमातील व्याख्या एकापाठोपाठ एक वाचल्यास त्यांची साखळी स्पष्ट होते. ‘वृक्ष’ या संज्ञेत ताडवर्गीय झाडे, बांबू, खुंट, झाडझाडोरा आणि वेत यांचा समावेश करण्यात आला. ‘इमारती लाकूड’ या संज्ञेत पडलेल्या किंवा तोडलेल्या वृक्षांचा समावेश होता. ‘वनोपज’ या संज्ञेचे दोन भाग होते. गवत, वेली, बोरू यांसारख्या वनस्पती वनात आढळल्या किंवा वनातून आणल्या तरच त्या वनोपज ठरत. इमारती लाकूड मात्र ‘वनात आढळो वा न आढळो’ वनोपजच ठरत असे. अशा उत्पादनाच्या वाहतुकीचे नियम करण्याचा अधिकार कलम ४१ अन्वये शासनास मिळाला.

या साखळीचा परिणाम असा की, बांबू हा ‘वृक्ष’ झाला, तोडताच तो ‘इमारती लाकूड’ झाला आणि त्यामुळे शेतकऱ्याने स्वतःच्या बांधावर लावलेला बांबूही ‘वनोपज’ ठरू शकला. तो बाजारात नेण्यासाठी वाहतूक परवान्याची अडचण उभी राहिली ती या व्याख्यांमुळे. बांबू गवतात गणला गेला असता तर बांधावरील बांबूस हे बंधन लागले नसते. जंगलातील एकही बेट न हलविता केवळ शब्दांच्या मांडणीतून हे नियंत्रण प्रस्थापित झाले, ही बाब लक्षणीय आहे.

विशेष म्हणजे कायद्याने बांबूला वृक्षाचा दर्जा दिला असला, तरी प्रत्यक्ष वनव्यवस्थापनात त्याला मान नव्हता. सागाच्या वाढीस अडथळा आणणारे तण म्हणून विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत अनेक वनाधिकारी त्याच्याकडे पाहत असत. ही दृष्टी बदलली ती कागद उद्योगामुळे.

कागद : चिंध्यांपासून बांबूपर्यंत

महाराष्ट्रातील जुन्या कागदनिर्मितीचा जंगलाशी फारसा संबंध नव्हता. जुन्नर, दौलताबादजवळील कागजीपुरा आणि पुण्यातील कागदीपुरा ही हातकागदाची केंद्रे प्रसिद्ध होती. चिंध्या, जुने दोर, गोणपाट असा टाकाऊ माल कुजवून व कुटून त्याचा लगदा केला जाई. त्यापासून उचललेल्या तावांना खळ लावून ते घोटले जात. ‘ताव’, ‘दस्ता’, ‘रीम’ हे शब्द याच जगातील होत. ‘दस्ता’ हा शब्द फारसीतून मराठीत आला, तर ‘रीम’ हा मूळ अरबी शब्द युरोपीय भाषांमधून फिरून आपल्याकडे परतला. कागद, कागदी, दस्ता या शब्दांत कारागिराचा हात आणि बाजार दिसतो, जंगल दिसत नाही.

यंत्रावर बनणाऱ्या कागदाची मागणी वाढल्यावर चिंध्या अपुऱ्या पडू लागल्या. डेहराडून येथे १९०६ मध्ये स्थापन झालेल्या वनसंशोधन संस्थेत विल्यम रेट यांनी बांबूपासून लगदा तयार करण्याच्या पद्धतीवर दीर्घकाळ संशोधन केले. बांबूतील तंतू लांब असल्याने तो कागदास योग्य होता. मात्र त्याची कठीण पेरे आणि तंतूंना बांधून ठेवणारे लिग्निन ही अडचण होती. बांबू चिरडून त्याचे तुकडे रसायनांत शिजविण्याच्या पद्धतीने ती दूर झाली. १९२५ मध्ये बांबू कागद उद्योग संरक्षण अधिनियम संमत होऊन या उद्योगास आयातशुल्काचे संरक्षण मिळाले. कालपर्यंतचे ‘तण’ आता ‘कच्चा माल’ झाले.

टन आणि नग

तेव्हाच्या मध्यप्रांतात असलेल्या चांदा जिल्ह्यात १९४५ मध्ये बल्लारपूर पेपर अँड स्ट्रॉ बोर्ड मिल्स ही कंपनी स्थापन झाली. परिसरातील विस्तीर्ण बांबूवने हा तिचा मोठा आधार होता. येथील गावांच्या वनवापरासाठी ‘निस्तार’ ही स्वतंत्र संज्ञा प्रचलित होती. घर शाकारणे, कुंपण, जळण, अवजारे अशा दैनंदिन गरजांसाठी जंगलातून वस्तू आणण्याचा हा अधिकार होता व त्याची नोंद निस्तारपत्रकात होत असे. १९५१ मध्ये जमीनदारी व मालगुजारी नष्ट झाल्यावर त्यांच्या ताब्यातील जंगले शासनाकडे आली. त्यानंतर एकाच जंगलावर दोन शब्दांचे राज्य सुरू झाले. गावासाठी ‘निस्तार’ होता, तर गिरणीसाठी दीर्घ मुदतीचा ‘पट्टा’.

मोजमापाची भाषाही भिन्न होती. बुरूड बांबू नगावर घेतो. त्याला सरळ, लांब पेऱ्यांचा, फोडता येईल असा बांबू हवा असतो. नोंदणीकृत बुरुडांना सवलतीच्या दराने बांबू देण्याची पद्धत राज्यात होती, परंतु तीही शेवटी ‘सवलत’च होती. गिरणीस बांबू टनावर हवा असतो. तेथे कामठी निघण्याजोगा बांबू आणि वाकडा बांबू यांत भेद राहत नाही, दोहोंचा लगदाच होतो.

या भेदाची किंमत शेजारच्या कर्नाटकातील उदाहरणावरून समजते. माधव गाडगीळ व रामचंद्र गुहा यांनी ‘धिस फिशर्ड लँड’ (१९९२) या ग्रंथात दांडेली येथील कागद गिरणीस १९५८ पासून टनास १ रुपया ५० पैसे एवढ्या अल्प दराने बांबू देण्यात आल्याची नोंद केली आहे. गाडगीळ यांच्या पाहणीत आणखी एक बाब पुढे आली. गावकरी बेटाच्या बुंध्याशी असलेले काटे तसेच ठेवून वरून बांबू तोडत. गिरणीच्या तोडीत मात्र हे काटे ‘साफ’ केले गेले आणि त्यामुळे नवे कोंब गुरांच्या तोंडी पडले. ज्याला वनव्यवस्थापनाच्या भाषेत बेटाची सफाई म्हटले गेले, ती प्रत्यक्षात बेटाचे कुंपण काढून टाकण्याची क्रिया होती.

व्याख्येतील बदल

१९९६ च्या पंचायत (अनुसूचित क्षेत्र विस्तार) अधिनियमाने ‘गौण वनोपजा’ची मालकी ग्रामसभेस देण्याची तरतूद केली, परंतु या संज्ञेची व्याख्या केली नाही. ती २००६ च्या वनहक्क अधिनियमात आली. तीत बांबू, झाडझाडोरा, खुंट आणि वेत यांचा स्पष्ट उल्लेख आहे. ‘वृक्ष’ या संज्ञेत ज्या चार गोष्टी पूर्वी एकत्र बसविल्या होत्या, त्याच चार गोष्टी येथे ‘गौण वनोपज’ म्हणून एकत्र अवतरल्या आहेत. हा बदल नजरचुकीने झालेला नाही, हे यावरून दिसते.

तरीही दोन अधिनियम शेजारी नांदत असल्याने संघर्ष टळला नाही. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गोंड आदिवासींच्या गावास २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर वनक्षेत्रावर सामूहिक वनहक्क मिळाला. परंतु तोडलेला बांबू गावाबाहेर नेण्यासाठी लागणारा वाहतूक परवाना देण्याचा अधिकार वनखात्याकडेच होता. विकण्याचा हक्क आहे, पण नेण्याचा नाही, अशी ही स्थिती होती. मार्च २०११ मध्ये केंद्रीय पर्यावरण व वन राज्यमंत्री जयराम रमेश यांनी बांबूस गौण वनोपज मानावे असे राज्यांच्या मुख्यमंत्र्यांना कळविले आणि एप्रिल २०११ मध्ये मेंढा येथे येऊन वाहतूक परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या स्वाधीन केले. पुढे नोव्हेंबर २०१७ च्या अध्यादेशाने व त्यानंतरच्या दुरुस्तीने १९२७ च्या अधिनियमातील ‘वृक्षा’च्या व्याख्येतून ‘बांबू’ हा शब्द वगळण्यात आला.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून काही बाबी स्पष्ट होतात. पहिली म्हणजे, बांबू ‘वृक्ष’ ठरला तो वनस्पतिशास्त्रीय अज्ञानामुळे नव्हे. तो गवतकुळातील आहे हे वनखात्यातील तज्ज्ञांना ठाऊक होते. ती व्याख्या नियंत्रणाच्या सोयीसाठी होती. दुसरी म्हणजे, ‘तण’, ‘वृक्ष’, ‘कच्चा माल’ आणि ‘गौण वनोपज’ या चारही नावांमागे बांबूवर कोणाचा अधिकार प्रथम मानावा यासंबंधीचा निर्णय दडलेला आहे.

तिसरी बाब अधिक महत्त्वाची आहे. २०१७ च्या दुरुस्तीने मुख्यतः वनाबाहेरील बांबू मोकळा झाला. जंगलातील गवतही १९२७ च्या अधिनियमानुसार वनोपजच असल्याने, बांबूला केवळ गवत म्हटल्याने जंगलातील बांबू गावाचा होत नाही. तेथे त्याला आधार आहे तो २००६ च्या अधिनियमाने मान्य केलेल्या सामूहिक हक्काचा. शब्द बदलणे आवश्यक होते, परंतु पुरेसे नव्हते. मेंढा गावाच्या बाबतीत शब्दाच्या बदलास अर्थ आला तो परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती पडले तेव्हा. वनपरिभाषेचा अभ्यास करताना संज्ञेच्या अर्थाबरोबर ती वापरण्याचा अधिकार कोणाकडे आहे हेही तपासणे म्हणूनच अगत्याचे ठरते.