वऱ्हाडातल्या उंची सायकली
विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमरावती-अकोल्याकडे उंची सायकल म्हणजे विलायती रॅले, बीएसए किंवा हंबर. हंबर तर पुढच्या दुहेरी नळ्यांच्या चिमट्यावरून लांबूनच ओळखू येई. पोलादी सांगाडा, सळ्यांचे ब्रेक, चामडी सीट, साखळीवर पूर्ण कव्हर. वजन 18-20 किलो. गाडरस्त्यावर तिची 28 इंची चाके बरी चालत, पावसाळ्यात मात्र काळी माती मडगार्डात बसून चाक जाम होई.

आजची कार्बनची रोड बाइक 7-8 किलोंची, बहुधा 24 गिअरची. तिच्या बारीक टायरांना गुळगुळीत डांबर लागते. जून 2022 मध्ये अमरावती-अकोला महामार्गावर 75 किलोमीटर डांबरीकरण सलग करून गिनेस विक्रम झाला, तो तिच्या सोयीचाच. वेगात जुनी तिची बरोबरी करू शकत नाही. टिकाऊपणात मात्र जुनीच सरस. वाकलेला पोलादी चिमटा गावचा मिस्त्री सरळ करी, तडकलेल्या कार्बनला खास कारागीर लागतो.