घुंऽऽ

तर झालं असं. आजोबा गेल्यापासून माळ्यावर पडून असलेला त्यांचा टर्नटेबल गेल्या महिन्यात खाली काढला. नवी सुई आणली, पट्टा बदलला आणि बाबांना म्हटलं, "रविवारी कुमार ऐकवतो तुम्हाला."

पहिला प्रयत्न सपशेल फसला. वायर सरळ अ‍ॅम्प्लिफायरच्या 'ऑक्स'ला लावली, तर आवाज बारीक आणि पत्र्याच्या डब्यासारखा. मग फोनो प्री-अ‍ॅम्प आणून मध्ये जोडला. आता आवाज भरला, पण सोबत अखंड घुंऽऽ! बाबा म्हणाले, "तानपुरा जरा जास्तच लागलाय."

दोन्ही दुखण्यांचं मूळ एकच, आणि ते चांगलं सत्तर वर्षं जुनं आहे. खर्जाचे स्वर तबकडीवर जसेच्या तसे कोरले तर खाच एवढी रुंद हेलकावे खाते की शेजारच्या खाचेत घुसेल. म्हणून कोरतानाच खर्ज दाबायचा आणि वरचे स्वर वाढवायचे; वाजवताना बरोब्बर उलटं करायचं. वरचे स्वर पुन्हा खाली आणताना तबकडीची खरखरही दबते, हा वरचा फायदा. युक्ती ७८ च्या तबकड्यांपासूनची. १९४८ मध्ये कोलंबियाची एलपी आली, खाचा आणखी बारीक झाल्या आणि युक्तीची गरज वाढली. पण किती दाबायचं, याचं प्रत्येक कंपनीचं माप वेगळं! शेवटी १९५४ मध्ये अमेरिकन रेकॉर्ड कंपन्यांच्या संघटनेने, म्हणजे आरआयएएने, एक माप ठरवलं. तेच पुढे जगभर चाललं.

हे उलटं गणित फोनो प्री-अ‍ॅम्प करतो. पूर्वी तो अ‍ॅम्प्लिफायरच्या पोटातच असायचा. १९८२ मध्ये सीडी आली आणि हळूहळू बऱ्याच अ‍ॅम्प्लिफायरवरून 'फोनो'ची जागा गेली.

आता गंमत बघा. सुईकडून येतात जेमतेम ५ मिलिव्होल्ट. प्री-अ‍ॅम्प मधले स्वर साधारण १०० पट वाढवतो, पण ५० हर्ट्झला, खर्ज भरून काढायचा म्हणून, त्याच्याही सातपट. म्हणजे ७०० पट! आणि आपल्या घरातली वीज नेमकी ५० हर्ट्झची. वायरीत शिरलेली तिची जराशी कुजबुजही मग घुंऽऽ होऊन बाहेर पडते.

शेवटी टर्नटेबलच्या मागे एक बारीक, सुटी वायर सापडली. टोकाला चिकटपट्टी, तिच्यावर आजोबांच्या अक्षरात एकच शब्द: 'अर्थ'. क्षणभर कळेना, कशाचा अर्थ? मग पेटली. अर्थिंग! ती प्री-अ‍ॅम्पच्या मागच्या स्क्रूला आवळली आणि नव्वद टक्के घुंऽऽ गायब. प्री-अ‍ॅम्पचा अ‍ॅडॅप्टर सुईपासून दूर नेला. अ‍ॅम्पला जोडलेला लॅपटॉप काढला, कारण दोन वाटांनी अर्थ मिळाला की वायरींचं वेटोळं होतं आणि तेही गुणगुणतं. (काही जण त्यासाठी प्लगची अर्थची पिनच काढून टाकतात. कृपा करून असं करू नका, शॉक बसेल.)

इंजिनिअरिंगला अर्थिंगवर पाच मार्कांचं उत्तर पाठ केलं होतं. आजोबांनी एका शब्दात लिहून ठेवलं होतं.

रविवारी बाबा अख्खी बाजू डोळे मिटून ऐकत बसले. सुई उचलल्यावर एवढंच म्हणाले, "दुसरी लाव."