निजामशाही पोथींतील बहरलेला वृक्ष

पुणें येथील भारत इतिहास संशोधक मंडळाच्या संग्रहांत ‘तारीफ-इ-हुसेनशाही’ ही सचित्र फारसी पोथी आहे. आफताबी कवीनें तींत अहमदनगरचा (आतांचें अहिल्यानगर) पहिला हुसेन निजामशहा याची स्तुति केली आहे. हुसेनशहाची कारकीर्द इ. स. १५५३ ते १५६५. पोथीचीं १२ चित्रें शिल्लक आहेत. तालिकोटची लढाई व रामरायाचा वध यांच्या चित्रांकडे अभ्यासकांचें लक्ष प्रथम जातें, तें स्वाभाविकच होय. प्रस्तुत लेखांत मात्र एका झाडाचा विचार कर्तव्य आहे.

एका चित्रांत सुंदर स्त्रीच्या स्पर्शानें वृक्ष फुलल्याचें दाखविलें आहे. हा दोहदाचा संकेत होय. रमणीच्या पदाघातानें अशोक फुलतो, तिच्या मुखांतील मद्यानें बकुल बहरतो, ही संस्कृत कवींची जुनी कल्पना. इराणी ग्रंथचित्रांचा हा विषय नव्हे. काव्याची भाषा फारसी, आश्रयदाता मुसलमान. तरी सौंदर्य वर्णावयाचें तेव्हां चित्रकार या भूमींतील संकेताकडेच वळला. या अनामिक चित्रकाराचें दक्षिणीपण येथें स्पष्ट दिसतें.

मग हा वृक्ष नगरच्या एखाद्या बागेंतील मानावा काय? नगरचा प्रदेश अवर्षणाचा. निजामशाहींत कापूरवाडी आदि ठिकाणांहून खापरी नळांनीं पाणी आणून शहर व बागा यांची तहान भागविली गेली. हश्त बिहिश्त बाग त्याच परंपरेंतील; फराहबागेची इमारत सलाबतखानानें १५८३ त पुरी केली, ती या चित्रांनंतरची. अशा मुलखांत फुललेलें झाड हें वैभवाचें चिन्ह होतें, एवढें म्हणतां येईल. परंतु चित्रावरून विशिष्ट बाग ठरविणें धाडसाचें होईल. केवळ देखाव्यासाठीं देखावा रंगविण्याची रीत आपल्याकडे पुष्कळ पुढें आली.

चित्रांचा काळ मात्र पोथीच सांगते. शहाजवळ राणी दाखविलेल्या कांहीं चित्रांत तिची आकृति मागाहून रंग देऊन झांकलेली आहे. हुसेनशहाच्या मृत्यूनंतर राणी खुंजा हुमायून हिनें पुत्र मुर्तजा याच्या नांवें राज्य चालविलें. १५६९ त मुर्तजानें तिला कैदेंत टाकलें. अर्थात् चित्रें या दोन सालांच्या दरम्यानचीं असावींत, हें अनुमान सयुक्तिक ठरतें.

हें अनुमान शक्य झालें, कारण पानें एकत्र राहिलीं. वृक्षाचें पान सुटें विकलें गेलें असतें, तर तें ‘झाडाखालीं स्त्री’ एवढेंच उरलें असतें. म्हणून संग्राहकांस विनंति कीं, सचित्र पोथी फोडूं नये. आणि यादी करतांना राजा, राणी व लढाई यांबरोबर झाड, पाणी व टेकडी यांचीही नोंद घ्यावी.