ट्रक कुणाचा, पाठ कुणाची?

रत्नागिरीचा हापूस ट्रकनं वाशीला जातो, हे सगळे सांगतात. पेटी चढवणाऱ्या पाठीचा इतिहास कोण लिहिणार?

डिसेंबर 1927. महाडच्या परिषदेला निघालेल्या बाबासाहेबांना नि आपल्या माणसांना मोटारवाल्यांनी बहिष्कार घातला. मग ‘पद्मावती’ बोटीनं दासगाव, तिथून पायी महाड. म्हंजे गाडीला रबरी चाकं आली, पण जात काय खाली उतरली न्हाई!

जमीन खोताची. 1937 मध्ये बाबासाहेबांनी मुंबई विधिमंडळात खोती मोडायचं विधेयक मांडलं, 1938 च्या जानेवारीत शेतकऱ्यांचा मोर्चा निघाला. कायदा झाला 1949 ला. खोती गेली, पण बाग कुणाकडं राह्यली, ते गावागावात जाऊन बघा.

मग ट्रक आले. बाजारातल्या हमालांनी झगडून 1969 चा माथाडी कायदा मिळवला: मंडळ, ठरलेली मजुरी, प्रॉव्हिडंट फंड. बागेच्या वाटेवर हंगामापुरता पेटी उचलणारा गडी कुठल्या वहीत हाय?

1999 पासून कोकण रेल्वे भरलेले ट्रकच वाघिणीवर चढवून कोलाड ते वेर्णा नेऊ लागली. डिझेल वाचलं, घाट वाचला. पेट्या मात्र अजून माणूसच चढवतो. गावोगाव त्याची नावं, मजुरी लिहून आणा. पुढच्या अंकात छापू.