फेरफाराची नोंदवही आणि डेटाबेस

डेटाबेसचा इतिहास अमेरिकेतील प्रयोगशाळांपासून सांगण्याची प्रथा आहे आणि ती अयोग्यही नाही. तथापि नोंदी कोणत्या शिस्तीने ठेवल्या असता त्यांवर निर्धास्तपणे विसंबता येते, हा जो त्या शास्त्राचा मूळ प्रश्न, त्याचे एक अत्यंत समंजस उत्तर आमच्या तलाठ्याच्या दप्तरात त्यापूर्वीच सिद्ध झाले होते, असे माझे मत आहे.

गोल्डस्मिड आणि विंगेट या ब्रिटिश अधिकाऱ्यांनी 1836 च्या सुमारास इंदापूर तालुक्यात जी जमाबंदी केली, तिने शेताला क्रमांक व आकार मिळाला. परंतु त्या शेतावर हक्क कोणाचा, याची रीतसर नोंद ठेवण्याची व्यवस्था मुंबई इलाख्यात 1903 च्या कायद्याने आली. गाव नमुना सात हक्कांचा, बारा पिकांचा, आठ-अ खातेदाराच्या एकूण जमिनीचा, आणि सहा फेरफारांचा. यांपैकी सातबारा सर्वतोमुखी झाला, पण व्यवस्थेचा प्राण मात्र सहाव्या नमुन्यात आहे.

खरेदीखत झाले, वारस लागले किंवा सोसायटीचा बोजा चढला, तरी तलाठ्याने थेट सातबाऱ्याला हात लावावयाचा नाही. प्रथम फेरफार नोंदवहीत अनुक्रमाने नोंद घ्यावयाची, हितसंबंधितांना नोटीस द्यावयाची, चावडीवर तिची प्रत लावावयाची, हरकतीची मुदत संपल्यावर मंडळ अधिकाऱ्याने ती प्रमाणित करावयाची, आणि मगच सातबाऱ्यावर अंमल द्यावयाचा. त्या वेळीही जुन्या खातेदाराचे नाव खोडावयाचे नाही, तर ते कंसात घालून फेरफाराचा क्रमांक वर्तुळात लिहावयाचा, जेणेकरून पुढे कोणास शंका आलीच तर त्या क्रमांकाच्या धाग्याने त्याला आजोबांच्या वाटणीपर्यंत मागे जाता यावे. नामंजूर झालेली नोंदसुद्धा शेऱ्यासह वहीत राहतेच.

एडगर कॉड या आयबीएममधील गणितज्ञाने जून 1970 मध्ये आपला सुप्रसिद्ध निबंध प्रसिद्ध केला, तोपर्यंत संगणकातील माहिती वृक्षाच्या फांद्यांसारखी किंवा जाळ्यासारखी गुंफलेली असे, आणि प्रोग्राम लिहिणाऱ्याला त्या गुंफणीची वाट ठाऊक असल्याखेरीज तीतून काहीच काढता येत नसे. माहिती साध्या तक्त्यांत ठेवावी, तक्त्यांचा परस्परसंबंध समान मूल्यांनी जोडावा, आणि ती कोठे, कशी साठवली आहे याची विवंचना प्रोग्रामला नसावी, हे कॉडचे प्रतिपादन. आजची असंख्य सॉफ्टवेअरे त्याच पायावर उभी आहेत. पुढे जिम ग्रे प्रभृती संगणकशास्त्रज्ञांनी व्यवहाराचे शास्त्र रचले: एका खात्यातून रक्कम वजा झाली आणि दुसऱ्यात जमा होण्यापूर्वीच यंत्र बंद पडले, तर तो व्यवहार अर्धवट राहता कामा नये; म्हणून प्रत्येक बदल आधी एका स्वतंत्र नोंदवहीत उतरावा, मग मूळ माहितीत. कोणी कोणाचे अनुकरण केलेले नसताना दोन्ही ठिकाणी हाच नियम यावा, याचे मला मनःपूर्वक कौतुक वाटते.

कागदी दप्तराचा दोष मात्र गंभीर होता. एकच क्षेत्र सातवर आणि आठ-अ वर हाताने निरनिराळे लिहिले जाई, आणि कालांतराने दोहोंत तफावत पडे. संगणकीकरण सुरू झाले तेव्हा ही तफावत उघडी पडली. आता दुय्यम निबंधकाकडे दस्त नोंदला गेला की त्याची वर्दी ई-फेरफार प्रणालीतून तलाठ्याकडे येते, आणि पीककर्ज देणारी बँक तोच अभिलेख पाहते. साहजिकच मूळ नोंदीतील एक चूक आता अनेक दारांतून बाहेर पडते. म्हणूनच 2017 साली संगणकीकृत सातबाऱ्यांचे गावोगावी चावडी वाचन झाले, आणि नावातील व क्षेत्रातील चुका खातेदारांकडूनच मागवून घेण्यात आल्या.